बारशाच्या आधी

तान्ह्या बाळाला आपल्याकडे सगळ्यांत बारकाईनं कुणी पाहत असेल, तर न्हाऊ घालणारी बाई. ती पाय पसरून बसते, बाळाला पायांवर आडवं घेते, टाळूवर तेल जिरवते, बेंबी जपते आणि मानेच्या वळ्या, काखा, जांघा, कानामागची जागा एकेक करून धुऊन काढते. अर्ध्या तासात बाळाचं सगळं अंग तिच्या हाताखालून जातं. दुबई-शारजात अशी बाई सहसा मिळत नाही, म्हणून व्हिजिट व्हिसा काढून आजी येते. सोबत डिंकाचे लाडू, बाळगुटीचं सामान आणि दोन-चार कुंच्या आणते.

शारजाच्या अल नाहदा भागातला असा एखादा फ्लॅट डोळ्यांपुढे आणा. बाळ आठ दिवसांचं आहे. घरात बारशाची तयारी चालू आहे. आत्या साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर बाळाच्या कानात नाव सांगणार आहे. त्या सकाळी अंघोळ घालताना आजीचा हात थबकतो.

"अगं, याच्या गोळ्या हाताला लागत नाहीत. डॉक्टरांनी बघितलंय ना?"

"बघितलं असेल की, आई. एवढं मोठं हॉस्पिटल आहे."

हे प्रकरण त्या 'असेल'विषयी आहे.

बाळाचं हृदय कसं आहे, ऐकू येतं का, डोळे ठीक आहेत ना, हे आईबाप न लाजता विचारतात. प्रजनन अवयवांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर आवाज खाली येतो. दुपटं गुंडाळलं जातं आणि त्याबरोबर प्रश्नही. खरं तर या अवयवांचे जन्मजात दोष दुर्मीळ म्हणावेत असे नाहीत. त्यांतले बरेचसे किरकोळ असतात आणि वेळेवर कळले तर पूर्ण बरे होतात. काही जन्मभर सांभाळावे लागतात. एक मात्र असा आहे की तो वेळेवर कळला नाही तर बाळ दगावू शकतं. तो जिवावर उठतो तेही साधारण दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आपल्या बारशाच्या सुमारास.

नेपल्समधलं एक शवविच्छेदन

१८६५ साली नेपल्समधले शरीररचनाशास्त्रज्ञ लुइजी दे क्रेक्किओ यांनी एका मृतदेहाच्या विच्छेदनाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मृताचं नाव जुझेप्पे मार्झो. जन्माच्या वेळी सुईणीनं 'मुलगी' असं सांगितलं होतं. मूल चार वर्षांचं झाल्यावर एका शल्यचिकित्सकानं तपासून निर्वाळा दिला, की हा मुलगा आहे, फक्त वृषण खाली उतरलेले नाहीत. त्या दिवसापासून ते मूल मुलगा म्हणून वाढलं आणि पुढे पुरुष म्हणून जगलं. चाळिशी ओलांडल्यावर उलट्या, जुलाब आणि कमालीच्या अशक्तपणानं त्याचा मृत्यू झाला. विच्छेदनाच्या टेबलावर दिसलं ते वेगळंच होतं. पोटात गर्भाशय होतं, बीजनलिका होत्या, दोन अंडाशय होते. शिवाय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी अवाढव्य वाढलेल्या होत्या.

वृषण 'उतरलेले नव्हते', कारण ते मुळात नव्हतेच. त्या शल्यचिकित्सकाच्या हाताला जे लागलं नाही आणि आजीच्या हाताला जे लागलं नाही, ते एकच लक्षण आहे. आजीच्या नातवाच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुधा साधा निघेल. पण तो अर्थ अंदाजानं ठरवायचा नसतो, हे नेपल्सच्या त्या माणसाच्या आयुष्यानं आणि मरणानं दाखवून दिलं आहे.

मार्झोच्या आजाराला आज जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी म्हणतात. डॉक्टर आणि पालक दोघेही इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'सीएएच' म्हणतात. आपणही तसंच म्हणू.

पाटाचं पाणी

शेतात दारं धरलेल्या माणसाला सीएएच समजावून सांगणं सोपं आहे. एक पाट आहे आणि त्याच्या पाण्यावर तीन वाफे भिजतात. पहिल्या वाफ्याचं दार मातीनं बुजलं, दुसऱ्याचंही बुजलं, तर सगळं पाणी तिसऱ्यात घुसतं. दोन वाफे सुकतात आणि तिसऱ्यात तळं साचतं.

अधिवृक्क ग्रंथीतही असाच कारभार चालतो. कोलेस्टेरॉलच्या कच्च्या मालापासून तिथं तीन प्रकारची संप्रेरकं तयार होतात. पहिलं कॉर्टिसॉल. ताप, उपास, शस्त्रक्रिया अशा ताणाच्या वेळी शरीराला तग धरायला लावणारं ते हेच. दुसरं अल्डोस्टेरॉन, जे शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. तिसरा गट अँड्रोजनांचा, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचा. ती स्त्रियांच्या शरीरातही थोडी असतातच. पहिल्या दोन वाफ्यांची दारं उघडी ठेवणारं एक विकर असतं, २१-हायड्रॉक्सिलेज. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बिघाड झाला की हे विकर तयार होत नाही किंवा अपुरं पडतं. सीएएचच्या दर दहांपैकी नऊहून अधिक बाळांमध्ये कारण हेच असतं.

कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी 'आणखी बनवा' असा निरोप पाठवत राहते. निरोपामागून निरोप आल्यानं अधिवृक्क ग्रंथी फुगते, पण दारं बंद असल्यानं सगळा माल अँड्रोजनांकडेच जातो. गर्भात मुलगी असेल तर तिचं गर्भाशय आणि अंडाशय अगदी नीट घडतात, बाहेरचे अवयव मात्र मुलग्यासारखे दिसू लागतात. कधी थोडे, कधी इतके की प्रसूतिगृहात 'मुलगा झाला' असंच सांगितलं जातं. अशा 'मुलग्या'च्या पिशवीत गोळ्या हाताला लागत नाहीत.

गर्भात मुलगा असेल तर वरून काहीच दिसत नाही. बाळ गोंडस, अवयव व्यवस्थित, वजन चांगलं. सीएएचच्या तीव्र प्रकारात साधारण तीन-चतुर्थांश बाळांचं मीठ टिकत नाही, आणि त्यांतल्या मुलग्यांना धोका सर्वाधिक, कारण त्यांच्याकडे पाहून कुणाला संशय येत नाही. आठव्या-दहाव्या दिवसापासून बाळ दूध ओढेनासं होतं, उलट्या करतं, वजन उतरतं, मलूल पडतं. घरात कुणी म्हणतं दूध बाधलं, कुणी म्हणतं दृष्ट लागली. मीठमोहऱ्या उतरवल्या जातात. रक्तातलं सोडियम मात्र घसरत असतं आणि पोटॅशियम चढत असतं. पोटॅशियम फार चढलं की हृदयाची लय बिघडते. वेळेवर शिरेतून सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन मिळालं तर हेच बाळ काही तासांत पुन्हा हातपाय हलवू लागतं. नाही मिळालं तर ते जातं, आणि ते का गेलं हे घराला कधीच कळत नाही.

टाचेतला थेंब

न दिसणारा आजार दिसावा कसा, या प्रश्नाचं उत्तर टाचेत सापडलं. अमेरिकेतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली दाखवून दिलं, की बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात आणि त्यावरून फिनाइलकीटोन्युरिया हा चयापचयाचा आजार ओळखता येतो. १९७७ साली साँग्या पांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वाळलेल्या थेंबातून १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन मोजण्याची पद्धत मांडली. आपल्या पाटाच्या भाषेत सांगायचं तर, बुजलेल्या दाराशी जे पाणी तुंबतं ते हेच. ते किती तुंबलंय हे कळलं की दार बंद आहे की उघडं, हेही कळतं. या पद्धतीचा पहिला मोठा वापर अलास्कातल्या युपिक लोकांमध्ये झाला, कारण तिथं हा आजार फार आढळत होता.

संयुक्त अरब अमिरातीत नवजात बाळांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाला. सुरुवात एकट्या फिनाइलकीटोन्युरियानं झाली. १९९८ मध्ये थायरॉइडच्या जन्मजात कमतरतेची भर पडली, २००२ मध्ये सिकलसेलची आणि २००५ मध्ये सीएएचची. पुढे यादी वाढत गेली. २०११ अखेरपर्यंत या कार्यक्रमात साडेसात लाखांहून अधिक बाळांचं रक्त तपासलं गेलं होतं. त्या अनुभवावरून तिथं सीएएच दर ९,००० बाळांमागे सुमारे एकाला होतो, असं दिसलं. थायरॉइडची जन्मजात कमतरता सुमारे १,९०० बाळांमागे एकाला.

९,००० मध्ये एक हा आकडा लहान वाटतो. पण अमिरातीत राहणाऱ्या भारतीयांचीच संख्या ३५ लाखांहून अधिक आहे. त्यांच्या घरांत दरवर्षी पाळणे हलतात, आणि टाचेतला थेंब पासपोर्ट विचारत नाही.

थेंब घेण्याची योग्य वेळ साधारणपणे जन्मानंतर २४ ते ७२ तासांची. त्याआधी घेतला तर आकडे फसवे येऊ शकतात. म्हणून पहिल्याच दिवशी घरी सोडलं असेल, तर पुन्हा नमुना द्यायला बोलावतात. हे बोलावणं टाळायचं नाही. टाच टोचल्यावर बाळ रडतं, आईच्या जिवाला लागतं. पण त्या रडण्यानं बाळाला जे मिळतं, त्याला मोल नाही.

चाळणीवर राहिलं म्हणजे खडा नव्हे

तांदूळ चाळताना चाळणीवर राहिलेली प्रत्येक गोष्ट खडा नसते, काही दाणे मोठे असतात. या तपासणीचंही तसंच आहे. 'नमुना संशयास्पद' असा फोन आला म्हणजे बाळाला आजार आहेच असं नाही. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा आजारी बाळांमध्ये १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन एरवीही जास्त असतं. म्हणून प्रयोगशाळा बाळाचं वजन आणि गर्भाचे आठवडे पाहून मर्यादा ठरवतात. पक्कं निदान पुढच्या रक्ततपासणीनं, सोडियम-पोटॅशियम पाहून, गरज पडली तर सोनोग्राफी आणि जनुकीय चाचणी करून होतं.

मात्र फोन आल्यावर 'बघू उद्या' हेही चालत नाही. या आजारात दोन दिवसांचा उशीरही महाग पडू शकतो. म्हणूनच दवाखान्याच्या कागदावर दिलेला फोन नंबर इतका महत्त्वाचा असतो. परदेशातल्या घरांत हा दुवा फार सहज निसटतो. नंबर कंपनीचा असतो आणि नोकरी बदलली की बदलतो. नवरा साइटवर असतो, आईच्या फोनवर अनोळखी नंबर घेतले जात नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांपुरता तरी अनोळखी नंबरचा प्रत्येक फोन उचलावा, इतकं साधं पथ्य बाळाचा जीव वाचवू शकतं.

निदान पक्कं झालं तर उपचार साधे आहेत आणि जन्मभराचे आहेत. जे बनत नाही ते गोळीतून द्यायचं. दिवसातून सहसा तीनदा हायड्रोकॉर्टिसोन, मीठ धरून ठेवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि पहिल्या वर्षात दुधाबरोबर मोजून मीठ. आखातातल्या उन्हाळ्यात घामावाटे मीठ जातं, तेव्हा या मुलांच्या मिठाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. ताप आला की गोळीचा डोस डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे वाढवायचा, उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन, आणि शाळेच्या दप्तरात आजाराचं कार्ड. एवढं सांभाळलं की ही मुलं शिकतात, खेळतात, मोठी होतात, पुढे आईबापही होऊ शकतात.

मीठ न गमावणारा सौम्य प्रकार पहिल्या महिन्यात सुटला, तर तो वेगळ्या वेशात समोर येतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वर्गात सगळ्यांत उंच दिसतो, जांघेत केस येतात, आवाज जाड होतो. घरात त्याचं कौतुक होतं, पण हाडं मात्र वेळेआधी पिकतात आणि मोठेपणी तो ठेंगणा राहतो. अशा मुलाला कौतुकाइतकीच डॉक्टरांची गरज असते.

हाताला आणि डोळ्यांना कळणाऱ्या गोष्टी

थेंबात सगळं दिसत नाही. बाकीचं काम डॉक्टरांच्या नजरेचं आणि घरातल्या हातांचं आहे.

सगळ्यांत जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे आजीला जाणवली ती. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांपैकी साधारण शंभरातल्या तिघांच्या बाबतीत जन्माच्या वेळी एक किंवा दोन्ही वृषण खाली उतरलेले नसतात. कमी दिवसांच्या बाळांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक. गर्भात वृषण पोटात तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत पिशवीत उतरतात. ज्यांचा प्रवास अपुरा राहतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचा तो पहिल्या काही महिन्यांत पुरा होतो. सहा महिन्यांनंतर मात्र आपोआप उतरण्याची आशा फारशी उरत नाही. मग ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान छोटी शस्त्रक्रिया करून ते खाली आणून बसवतात. पिशवीतलं तापमान पोटापेक्षा दोन-तीन अंशांनी कमी असतं आणि बीजपेशींना तेवढाच गारवा लागतो. पोटाच्या उबेत त्या हळूहळू मरतात. मोठेपणी कर्करोगाचा धोकाही वाढतो. 'मोठा झाला की होईल ठीक' असं म्हणत पाच-सात वर्षं गेली, की हरवलेलं परत आणता येत नाही.

इथं आजीच्या अंघोळीला खरं मोल आहे. थंडीनं किंवा भीतीनं वृषण वर ओढले जातात, कोमट पाण्यात स्नायू सैल पडले की खाली येतात. दवाखान्याच्या थंडगार एसी खोलीत जे हाताला लागलं नाही, ते घरच्या न्हाणीत लागू शकतं. म्हणून डॉक्टरही आईला विचारतात, 'अंघोळीच्या वेळी कधी दिसतात का?' पण दोन्ही बाजूंना कधीच काही लागत नसेल, तर नेपल्सची गोष्ट आठवायची. अशा बाळाची गुणसूत्रं आणि सीएएचची तपासणी शक्यतो हॉस्पिटलमधून घरी सोडण्यापूर्वीच व्हायला हवी.

दुसरी गोष्ट लघवीच्या छिद्राची. ते शिश्नाच्या टोकाशी नसून खालच्या अंगाला असेल, तर त्याला हायपोस्पेडियास म्हणतात. २०० ते ३०० मुलग्यांमागे साधारण एकाला तो असतो. अमिरातीसारख्या देशात याची आठवण आवर्जून ठेवावी लागते, कारण तिथं मुलग्यांची सुंता सर्रास होते आणि अनेक घरांत ती पहिल्या काही आठवड्यांतच उरकतात. हायपोस्पेडियास असलेल्या बाळाची सुंता करायची नसते. दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्ग घडवायला पुढची तीच कातडी कामी येते. एकदा कापून टाकली की शल्यचिकित्सकाच्या हातातलं उत्तम साहित्य गेलं. म्हणून सुंतेआधी बाळ नीट तपासलं गेलं पाहिजे, मग घर कोणत्याही धर्माचं असो. छिद्र खाली आहे आणि वृषणही हाताला लागत नाही, अशा दोन गोष्टी एकत्र असतील तर प्रकरण किरकोळ समजायचं नाही.

मुलींच्या बाबतीत लाज आणखी आड येते. जांघेत गाठ आली तर ती बहुधा हर्नियाची असते आणि आत बऱ्याचदा अंडाशय उतरलेला असतो. क्वचित तिथं वृषण सापडतो. बाहेरून पूर्ण मुलगी, पण गुणसूत्रं एक्सवाय, आणि शरीराला अँड्रोजनांची हाक ऐकू येत नाही, असा हा प्रकार. काही मुलींच्या योनीमुखावरचा पडदा पूर्ण बंद असतो. जन्मल्यावर एक नजर टाकली तर तो दिसू शकतो. नाही टाकली, तर तेराव्या-चौदाव्या वर्षी दर महिन्याला पोटात कळा येतात, पाळी मात्र येत नाही, आणि मुलीला अपेंडिक्सपासून नाटकापर्यंत सगळे शिक्के बसतात. दर दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला टर्नर सिंड्रोम असतो. तिच्यात एक्स गुणसूत्र एकच असतं किंवा दुसरं अपुरं असतं. जन्मतः पावलं आणि हात सुजलेले दिसणं, मानेला पडद्यासारखी कातडी असणं ही त्याची खूण. ओळखलं तर हृदय तपासता येतं, उंचीसाठी आणि वयात येण्यासाठी वेळेवर संप्रेरकं देता येतात.

मुलगा की मुलगी?

कधी कधी बाळ पाहून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या क्षणी आईबापांना जे वाटतं, ते शब्दांत मांडणं कठीण आहे. लिफ्टमध्ये शेजारीण विचारते, फोनवर आत्या विचारते. मुसलमान शेजाऱ्यांकडे सातव्या दिवशी अकीका असतो, आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं, आणि दोन्हीकडे बाळाला नाव हवं असतं. शिवाय परदेशात कागद थांबत नाहीत. जन्मदाखला, वकिलातीतून पासपोर्ट, निवासाचा व्हिसा, प्रत्येक अर्जात लिंगाचा रकाना असतो.

इथं घाई करायची नाही, हेच वैद्यकशास्त्राचं आजचं सांगणं आहे. अमेरिका आणि युरोपातल्या बालसंप्रेरकतज्ज्ञांची शिकागोत बैठक झाली आणि तिचा एकमतानं ठरलेला दस्तऐवज २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानं जुने अपमानास्पद शब्द बाजूला सारले आणि 'लैंगिक विकासातील विकार' ही संज्ञा आणली. तज्ज्ञांनी पाहण्यापूर्वी बाळाचं लिंग ठरवू नये, संप्रेरकतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, जनुकतज्ज्ञ आणि मानसतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यावा आणि आईबापांना प्रत्येक पायरीवर सोबत घ्यावं, हा त्याचा गाभा. अमिरातीच्या २०१६ च्या वैद्यकीय जबाबदारी कायद्यानंही लिंगबदल आणि लिंगाची दुरुस्ती यांत फरक केला. पहिल्याला मनाई आहे, पण जन्मतः लिंग संदिग्ध असेल तर वैद्यकीय समितीच्या मान्यतेनं दुरुस्तीला वाव आहे.

शस्त्रक्रिया कधी करायची, हा वाद आज जगभर चालू आहे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं निकाल दिला, की जिवाला धोका नसेल तर केवळ अवयव 'नेहमीसारखे' दिसावेत म्हणून अशा तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया करू नये. त्याच वर्षी तमिळनाडू सरकारनं तसा आदेश काढला. शरीर ज्याचं आहे त्याला मोठेपणी काय वाटेल, हा प्रश्न त्या निकालाच्या मुळाशी होता. तातडी कशाची आणि घाई कशाची, हा भेद पालकांनी मनात पक्का करावा. मीठ आणि कॉर्टिसॉल ही तातडी. अवयव कसे दिसतात, ही तातडी नव्हे.

नातेवाइकांना काय सांगायचं? 'बाळाची एक ग्रंथी नीट काम करत नाही, तपासण्या चालू आहेत, बारसं जरा पुढे ढकललंय.' हे पूर्ण खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे.

माहेर आणि दुबई यांच्यामधली फट

आता मराठी घरांच्या एका खास अडचणीकडे येऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत दुबईत गेल्यावरही सुटत नाही. सातव्या महिन्यात मुलगी नाशिकला किंवा कोल्हापूरला येते, गावातल्या प्रसूतिगृहात बाळ होतं, पासपोर्ट निघतो आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती परत जाते. अमिरातीतला टाचेचा थेंब तिथं जन्मलेल्या बाळांसाठी आहे. हे बाळ त्या यादीत कधीच नव्हतं.

भारतात प्रत्येक नवजात बाळाच्या रक्ततपासणीचा देशव्यापी सक्तीचा कार्यक्रम नाही. गोव्यानं २००८ मध्ये राज्यपातळीवर सुरुवात केली होती. इतरत्र बहुतेक ठिकाणी ते त्या त्या हॉस्पिटलवर आणि आईबापांच्या विचारण्यावर अवलंबून असतं. गरज मात्र मोठी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं मुंबईसह पाच शहरांत मिळून एक लाखाहून अधिक नवजात बाळं तपासली, तेव्हा सीएएच सुमारे ५,७५० बाळांमागे एकाला आढळला, म्हणजे अमिरातीपेक्षा जास्तच. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि अंगणवाड्या-शाळांमधून कोट्यवधी मुलांपर्यंत डॉक्टर पोहोचू लागले. महाराष्ट्राच्या भूमीवर झालेलं ते फार मोठं काम. पण त्या कार्यक्रमाच्या जन्मजात व्यंगांच्या मूळ यादीत टाळू, पाय, डोळे, हृदय आहेत, प्रजनन अवयव नाहीत. दुपट्याखालचा प्रश्न तिथंही दुपट्याखालीच राहिला.

म्हणून माहेरी बाळंत होणाऱ्या मुलीनं आधीच विचारून ठेवावं, की इथं टाचेच्या रक्ताची तपासणी होते का आणि तिच्यात सीएएच व थायरॉइड आहेत का. अहवालाचा कागद पासपोर्टबरोबर ठेवावा आणि दुबईतल्या बालरोगतज्ज्ञांना पहिल्या भेटीत दाखवावा. तपासणी झालीच नसेल, तर तेही सांगावं. दोन, चार आणि सहा महिन्यांच्या लसींच्या वेळी बाळाला पूर्ण उघडं करून तपासायला सांगावं.

एक गोष्ट नात्यातल्या लग्नांचीही. सीएएच मुलाला होतो तो आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तर. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. नात्यात लग्न झालं की तेच जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. लिहाद अल-गझाली यांच्या पथकानं १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निम्म्या अमिराती जोडप्यांची लग्नं नात्यात झालेली आढळली. आपल्याकडेही मामाची मुलगी करण्याची रीत पश्चिम आणि दक्षिण महाराष्ट्रात जुनी आहे, तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायची गरज नाही. अमिरातीनं १ जानेवारी २०२५ पासून अमिराती नागरिकांना लग्नाआधीची जनुकीय तपासणी बंधनकारक केली असून तिच्यात ५७० जनुकं पाहिली जातात. आपल्या घराण्यात पहिल्या महिन्यात दगावलेली बाळं असतील, तर ती आठवण डॉक्टरांना सांगावी. आजीला ती नक्की माहीत असते. कारण न कळता गेलेल्या त्या लेकरांमधलं एखादं सीएएचचं असू शकतं.

'असेल' नको

आता पुन्हा अल नाहदातल्या त्या फ्लॅटमध्ये जाऊ. आजीनं विचारलं ते योग्यच विचारलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर हॉस्पिटलच्या कागदांत असायला हवं. टाचेचा थेंब कोणत्या दिवशी घेतला आणि अहवाल कुठे आहे? बाळ सोडण्यापूर्वी डॉक्टरांनी दुपटं बाजूला करून दोन्ही वृषण हातानं तपासले का, मुलगी असेल तर योनीमुख पाहिलं का? संशय आला तर आम्हाला कोणत्या नंबरवर फोन येईल? हे तीन प्रश्न बाप विचारू शकतो, आई विचारू शकते, आजीही मराठीत विचारू शकते. तिथल्या दवाखान्यांत मराठी कळणारी नर्स नाही मिळाली, तर हिंदी कळणारी नक्की मिळते.

उत्तरं मिळेपर्यंत बाळाचं दूध, शू आणि वजन यांवर डोळा ठेवायचा. दूध ओढेनासं झालं, उलट्या थांबेनात, अंग गळून गेलं, तर बारसं राहू द्यायचं, पाळणा राहू द्यायचा, ९९८ वर अँब्युलन्स बोलवायची आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, 'याच्या गोळ्या हाताला लागत नाहीत, सीएएच आहे का बघा.' मीठमोहऱ्या मागाहूनही उतरवता येतील.

बहुतेक घरांत यातलं काही होणार नाही. अहवाल चांगला येईल, सहाव्या महिन्यापर्यंत वृषण जागेवर उतरतील आणि सगळे विसरून जातील. तसंच व्हावं. पण पुढच्या खेपेला आजीनं विचारलं, तर आईला 'बघितलं असेल' म्हणावं लागू नये. तिला म्हणता यावं, "हो आई, बघितलं. मी समोर उभी होते."